पोर्तुगालमधील गावाचे मानचिन्ह: ते किती जुने आणि त्याचा अर्थ कोणी ठरवला?

आपला प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. आपण मूळचे फोंड्याचे असून नोकरीनिमित्त तेझू नदीच्या खोऱ्यातील एका लहान गावी राहता. तिथल्या ग्रामकार्यालयाच्या भिंतीवर रंगीत टाइल्समध्ये एक मानचिन्ह लावलेले आहे. रुपेरी ढालीवर मध्यभागी निळे चाक, त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवी कणसे, तळाशी निळ्या-रुपेरी लाटा, ढालीच्या वर तीन बुरुजांचा मुकुट आणि खाली गावाचे नाव लिहिलेली पट्टी, असे त्याचे स्वरूप आहे. हे चिन्ह कोणत्या सरदार घराण्याचे, ते किती शतकांपूर्वीचे आणि त्यातले चाक म्हणजे गोव्याच्या जुन्या चिन्हातलेच चाक का, असे आपण विचारले आहे. तिथल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर ते छापले तर चालेल का, हाही आपला प्रश्न आहे.

पोर्तुगालमधील स्थानिक मानचिन्हांच्या नोंदी लावणे आणि त्यांची लेखी वर्णने मूळ कागदांशी ताडून पाहणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या पहिल्या तीन प्रश्नांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. ढाल दिसली म्हणजे तिच्यामागे सरदार असणार, आणि सरदार म्हणजे मध्ययुग, असे आपण धरून चालला आहात. घराण्याच्या कुलचिन्हाबाबत हे गृहीतक पुष्कळदा बरोबर ठरते, पण गावाच्या चिन्हाबाबत ते बहुधा चुकीच्या दिशेला नेते. आपल्या गावाचे चिन्ह कोणा घराण्याचे असण्याची शक्यता फार कमी आहे. ते गेल्या तीन-चार दशकांत गावानेच ठरवून घेतलेले असावे, असे त्याच्या रचनेवरून वाटते. यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. गावाला स्वतःच्या इतिहासातून काय निवडावेसे वाटले, याची ती सही-शिक्क्यानिशी केलेली नोंद असते, आणि म्हणूनच तिचा अर्थ अंदाजाने न लावता शोधून काढता येतो.

सुरुवात मुकुटापासून करावी, कारण सगळ्यात निश्चित माहिती तिथे मिळते. पोर्तुगालमध्ये स्थानिक संस्थांच्या ढालीवर राजमुकुट नसतो. तटबंदीच्या आकाराचा मुकुट असतो आणि त्याच्या बुरुजांची संख्या वस्तीच्या दर्जानुसार ठरते. तीन रुपेरी बुरूज म्हणजे साधे गाव, चार म्हणजे ज्याला तिथे ‘व्हिला’ म्हणतात ती मोठी वस्ती, पाच म्हणजे शहर, आणि सोन्याचे पाच बुरूज फक्त राजधानी लिस्बनचे. ही पद्धत १४ एप्रिल १९३०च्या शासकीय परिपत्रकाने घालून दिली आणि ७ ऑगस्ट १९९१च्या कायद्याने तिला आजचे स्वरूप आले. म्हणजे ढालीवर असा मोजून-मापून बसवलेला तीन बुरुजांचा मुकुट दिसला, तर निदान त्या स्वरूपातले ते चिन्ह १९३०च्या आधीचे नाही, एवढे खात्रीने म्हणता येते. आत काढलेली वस्तू मात्र जुनी असू शकते, आणि मुकुटाचे वय व आशयाचे वय या दोन गोष्टी नेहमी वेगळ्या ठेवाव्यात.

१९९१च्या कायद्याला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी ‘फ्रेगेझिया’ म्हणजे काय हे थोडे पाहावे लागेल. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीशी तुलना होईल अशी ही तिथली सर्वांत खालची स्थानिक संस्था होय. तिचे मूळ चर्चच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या कार्यक्षेत्रात आहे. एकोणिसाव्या शतकात तिला मुलकी कामे मिळत गेली, आणि प्रजासत्ताक आल्यानंतर १९१६च्या कायद्याने मुलकी पॅरिशला ‘फ्रेगेझिया’ हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. शहरे आणि मोठ्या वस्त्या मध्ययुगापासून मोहोर वापरत होत्या. करार, तक्रारी, राजाकडे पाठवायचे अर्ज यांवर ती उमटवावी लागे, आणि शहरांची चिन्हे बहुतांशी त्या मोहरांतून उतरली. लिस्बनच्या चिन्हातले जहाज आणि त्यावरचे दोन कावळे संत व्हिन्सेंटच्या अस्थी ११७३मध्ये समुद्रमार्गे शहरात आल्याच्या कथेशी जोडलेले आहेत, ते याच परंपरेतले. लहान गावाला अशी मोहोर लागण्याचे कारण क्वचितच पडे, त्यामुळे बहुतेक फ्रेगेझियांकडे दाखवायला जुने चिन्ह नव्हतेच. १९९१च्या कायद्याने त्यांना मानचिन्ह, ध्वज आणि शिक्का घेण्याचा स्पष्ट मार्ग आखून दिला, आणि त्यानंतर गावोगावी चिन्हे तयार होऊ लागली. आज भिंतींवर, कचऱ्याच्या गाड्यांवर आणि फुटबॉल संघांच्या करंडकांवर दिसणारी पुष्कळशी ग्रामचिन्हे त्या लाटेतली आहेत.

चिन्ह ठरवण्याची रीतही लक्षात घ्यावी, कारण अर्थाचे कागद तिच्यातूनच हाती लागतात. ग्रामकार्यालय प्रस्ताव तयार करते. त्यावर पोर्तुगीज पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेच्या मानचिन्ह समितीचा अभिप्राय घ्यावा लागतो. मग गावची निवडून आलेली सभा चिन्ह मंजूर करते, त्याचे वर्णन शासकीय राजपत्रात छापले जाते आणि शासनाच्या स्थानिक संस्था विभागाकडे त्याची नोंद होते. आता राजपत्रात छापतात ते शब्दांतले वर्णन: ढाल कोणत्या रंगाची, तिच्यावर काय, कुठे आणि कोणत्या रंगात, मुकुट कसला, पट्टीवर अक्षरे कोणती. कायद्याच्या दृष्टीने चिन्ह म्हणजे हे शब्द होत. टाइल्सवर काढणाऱ्या चित्रकाराने कणसाला चार दाणे जास्त दाखवले किंवा निळा रंग जरा गडद लावला, तर चिन्ह बदलत नाही. परंतु राजपत्रात ‘काय आहे’ एवढेच असते, ‘का आहे’ हे नसते. ते कारण प्रस्तावासोबतच्या टिपणात लिहिलेले असते आणि ते टिपण ग्रामकार्यालयाच्या फायलीत असते. म्हणून मी आपल्याला पहिली सूचना अशी करीन की कार्यालयात जाऊन सभेच्या मंजुरीचा ठराव आणि त्याला जोडलेले टिपण पाहायला मागावे. लहान गावांत ही मागणी बहुधा आनंदाने पुरी केली जाते, कारण ते टिपण लिहिणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी गावात हयात असते.

टिपण हाती येईपर्यंत चाकाविषयी काय म्हणता येईल ते सांगतो. आपल्या प्रश्नाचा हा सर्वांत रंजक भाग आहे, आणि इथे डोळ्यांनी बारकाईने पाहण्याला पर्याय नाही. ग्रामचिन्हांत चाक अनेक प्रकारचे येते आणि दुरून ती सारी चाके सारखीच दिसतात. आपण जवळ जाऊन चाकाची बाहेरची कड पाहावी. कडेवर सुऱ्यासारखी वाकडी, टोकदार पाती लावलेली असतील, तर ते अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचे चाक. परंपरा असे सांगते की तिचा छळ करण्यासाठी सुऱ्यांचे चाक बनवले गेले आणि तिच्या स्पर्शाने ते मोडले, म्हणून काही चिन्हांत ते मोडकेही दाखवतात. कडेवर पाती नसून सपाट फळ्या असतील, तर ते नदीच्या प्रवाहावर चालणाऱ्या पाणचक्कीचे चाक. फळ्यांच्या जागी पोहरे असतील, तर तो विहिरीवरचा रहाट. दक्षिण पोर्तुगालमध्ये अरबांच्या काळापासून तो परिचित आहे. आऱ्यांच्या जागी भरीव तबकडी असून मध्यभागी लोखंडी आडकाठी बसवण्याची खाच दिसत असेल, तर ती जात्याची तळी होय. आणि एकसारखे चौकोनी दाते असतील, तर ते यंत्राचे दातेरी चाक असून गावात एकेकाळी गिरणी किंवा कारखाना असल्याचे सांगते.

आपण पाठवलेल्या वर्णनात कणसे आणि लाटा चाकाच्या जोडीला आहेत. कणसे, पाणी आणि चाक ही तिन्ही एकत्र आली की पाणचक्कीचा संबंध सर्वांत सरळ लागतो: शेतात गहू, खाली नदी आणि तिच्यावर दळण. त्यामुळे माझा कल तिकडे आहे. तरी दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. गावच्या चर्चची संरक्षक संत जर कॅथरीनच असेल, तर चाक तिचे आणि कणसे व पाणी गावच्या शेतीचे, अशीही मांडणी होऊ शकते, कारण संरक्षक संताची खूण मध्यभागी ठेवण्याची रीत फार प्रचलित आहे. दुसरे असे की गावाच्या हद्दीत पाणचक्कीचे अवशेष आहेत का, हे आपणच ओढ्याकाठी फिरून पाहू शकता. चर्चच्या दाराशी संताचे नाव आणि ओढ्याकाठी जुन्या भिंती, या दोन पाहण्यांत निम्मे उत्तर मिळेल.

गोव्याचे चाक मात्र निश्चितपणे संत कॅथरीनचे आहे, आणि त्याचे कारण तारखेत आहे. आफोन्सो द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा शहर जिंकले. तो दिवस त्या संताच्या सणाचा. म्हणून शहराच्या चिन्हात तिचे चाक आले, जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल तिच्याच नावाने अर्पण झाले आणि पुढे विसाव्या शतकात संपूर्ण पोर्तुगीज भारताच्या चिन्हातही ते चाक घेतले गेले. त्यामुळे आपल्या गावातले चाक पात्यांचे निघाले, तरी त्याचा गोव्याशी संबंध जोडण्याआधी थांबावे. युरोपभर या संताची भक्ती होती आणि तिची शेकडो चर्च आहेत. एकाच संताची खूण दोन ठिकाणी दिसली म्हणून एकीचा उगम दुसरीत होत नाही. गावातला कोणी गोव्यात अधिकारी म्हणून गेला आणि त्याने परत येऊन चर्च बांधले, असा पुरावा टिपणात असेल तरच तो संबंध मानावा.

रंगांबाबत मी आपल्याला थोडे सावध करतो. ढालीवर दोन धातू, म्हणजे सोने व रुपे, आणि लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग वापरतात. छपाईत सोने पिवळे आणि रुपे पांढरे दिसते. धातूवर धातू आणि रंगावर रंग ठेवू नये असा जुना नियम आहे, कारण ढाल रणांगणात दुरून ओळखू यायला हवी होती. आपल्या गावाच्या चिन्हात रुपेरी पृष्ठावर कणसे हिरवी का आहेत, पिकलेल्या गव्हासारखी सोनेरी का नाहीत, याचे उत्तर बहुधा या नियमात आहे. त्याचा अर्थ ‘कोवळे पीक’ असा लावायला नको. काळा म्हणजे भूमी व निश्चय, लाल म्हणजे रक्त व विजय, अशा ठरावीक व्याख्या १९३०नंतरच्या टिपणांत पुन्हा पुन्हा येतात. त्या वाचाव्यात, पण एकाच साच्यातल्या व्याख्या अनेक गावांना लावलेल्या असल्यामुळे त्यांतून आपल्याच गावाविषयी फारसे कळत नाही. कणसांच्या संख्येचेही तसेच आहे. दोन कणसे दोन वाड्यांची असू शकतात, किंवा चाकाच्या दोन्ही बाजूंचा तोल साधण्यासाठीही असू शकतात. हे टिपणाशिवाय कळत नाही. लाटांच्या बाबतीत मात्र शंकेला जागा कमी असते. तळाशी निळ्या-रुपेरी लाटा असल्या की गावाजवळ बहुधा नदी, ओढा किंवा समुद्र असतो.

आता ‘किती शतके’ या प्रश्नाची दुसरी बाजू. काही गावे आज लहान असली तरी एकेकाळी स्वतंत्र नगरपालिका होती. १८३६च्या फेररचनेत अशा शेकडो छोट्या नगरपालिका रद्द करून मोठ्यांत विलीन करण्यात आल्या. आपले गाव त्यांपैकी असेल, तर चर्चजवळच्या चौकात दगडी स्तंभ उभा असण्याची शक्यता आहे. त्याला तिथे ‘पेलोरिन्यो’ म्हणतात. न्यायाधिकाराची खूण म्हणून तो उभारत आणि गुन्हेगाराला त्याला बांधत. जुन्या गोव्यातला हातकातरो खांब आपण पाहिला असेल, तो याच उपयोगाचा. अशा स्तंभावर किंवा जुन्या पालिकाभवनाच्या दारावर कोरलेली ढाल दिसली, तर ती बहुधा राजाची असते. पाच लहान ढाली मधोमध आणि भोवती किल्ले असतील तर ती पोर्तुगालची राजढाल. शेजारी पट्ट्यापट्ट्यांचा खगोलगोल असेल तर राजा मानुएल पहिला (१४९५ ते १५२१) याच्या काळाकडे बोट जाते, कारण तो गोल त्याची वैयक्तिक खूण होती आणि त्यानेच गावोगावच्या सनदा नव्याने करून दिल्या. वसईच्या किल्ल्यात राजढाल, खगोलगोल आणि ऑर्डर ऑफ क्राइस्ट या लष्करी-धार्मिक संघाचा क्रूस हे त्रिकूट दगडात कोरलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते पोर्तुगालमधल्या खेड्यातही लगेच ओळखता येईल. अशी ढाल सत्ता कोणाची होती हे सांगते; गावाचे स्वतःचे चिन्ह ती नव्हे.

अर्थात राजाची ढालच गावाचे चिन्ह झाल्याचे एक विलक्षण उदाहरण आहे. स्पेनच्या सीमेजवळील कास्तेलो रॉद्रिगो या तटबंदीच्या गावाच्या चिन्हात पोर्तुगालची राजढाल चक्क उलटी, खालचे टोक वर करून दाखवलेली आहे. १३८३ ते १३८५ या काळात गादीवरून जो संघर्ष झाला, त्यात या गावाने कॅस्टिलच्या राजाची राणी बेआत्रिझ हिची बाजू घेतली. संघर्ष जिंकून गादीवर बसलेल्या जुवांव पहिल्याने शिक्षा म्हणून गावाला आपली ढाल उलटी वापरायला लावली, असे परंपरा सांगते. जी खूण नामुष्की म्हणून दिली गेली, ती गावाने सहा शतकांहून अधिक काळ आपली ओळख म्हणून जपली. मला हे चिन्ह पोर्तुगालमधल्या सगळ्या ग्रामचिन्हांत अधिक मोलाचे वाटते, कारण कोणत्याही ठरावीक व्याख्येने ते उलगडत नाही. त्यासाठी त्या गावाची गोष्टच माहीत असावी लागते.

क्रूसांविषयी थोडक्यात सांगतो, कारण शेजारच्या गावांत ते आपल्याला दिसतील. लाल क्रूसाच्या आत पांढरा क्रूस असेल तर ती टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाची वारस म्हणून १३१९मध्ये स्थापन झालेली ऑर्डर ऑफ क्राइस्ट. टोकांना कमळासारखी फुले असलेला हिरवा क्रूस आविझ संघाचा. तलवारीच्या आकाराचा लाल क्रूस सांतियागोचा. आठ टोकांचा पांढरा क्रूस माल्टाचा. या लष्करी-धार्मिक संघांकडे मोठाल्या जमिनी होत्या. १८३४मध्ये धार्मिक संघ बरखास्त होऊन त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली, तरी पूर्वी जमीन कोणाकडे होती याची आठवण ग्रामचिन्हांत राहिली.

आणखी एक व्यावहारिक अडचण आपल्याला येऊ शकते. २०१३मध्ये पोर्तुगालने फ्रेगेझियांचे एकत्रीकरण करून त्यांची संख्या चार हजारांहून अधिक होती ती सुमारे ३,१०० वर आणली, आणि २०२५मध्ये त्यांतले अनेक संयुक्त गट कायद्याने पुन्हा वेगळे झाले. त्यामुळे भिंतीवरचे चिन्ह जुन्या एका गावाचे, कागदावरचे चिन्ह संयुक्त गटाचे, असा घोळ बऱ्याच ठिकाणी आहे. पट्टीवरचे नाव अक्षर न अक्षर वाचावे आणि राजपत्रात त्याच नावाने शोध घ्यावा.

गोव्यातल्या गावांना अशी चिन्हे का नाहीत, असेही आपण ओघात विचारले होते. गोव्यात गावाची सत्ता गावकारीकडे, म्हणजे गावच्या मूळ कुळांच्या सभेकडे होती आणि पोर्तुगीजांनी १५२६च्या सनदेत तिचे रीतिरिवाज नोंदवून घेतले, पण गावाला ढाल देण्याचे कारण त्यांना पडले नाही. गावाची ओळख ग्रामदेवतेत आणि गावकारांच्या वंशांत होतीच. घाटावर या गरजेचे वेगळे उत्तर निघाले होते. महजरावर, म्हणजे साक्षींनिशी केलेल्या निवाड्याच्या कागदावर, साक्ष घालताना पाटील नांगर काढी, शेटे तागडी काढी, आणि इतर वतनदार आपापल्या धंद्याची निशाणी करीत. त्या निशाण्या माणसाच्या हक्काच्या होत्या, गावाच्या नव्हत्या. तरी अवजार हीच ओळख मानण्याची ती रीत आणि आपल्या गावाच्या ढालीवरचे ते चाक यांत मला फार जवळचे नाते दिसते.

शेवटी निमंत्रणपत्रिकेबद्दल. मानचिन्ह ही ग्रामकार्यालयाची अधिकृत खूण आहे. ती परवानगीशिवाय छापली, तर कार्यक्रम कार्यालयाचाच आहे असा समज होतो, म्हणून कार्यालयाकडे लेखी विनंती करावी. अर्जात कार्यक्रमाची तारीख, जागा, पत्रिकेचा नमुना आणि चिन्ह कुठे व केवढे येणार हे लिहावे, आणि चित्र भिंतीवरच्या टाइल्सवरून न घेता त्यांच्याकडूनच अधिकृत फाइल मागून घ्यावी. मंडळाच्या चिन्हाशेजारी ते ठेवायचे असल्यास दोन्हींत पुरेसे अंतर असावे, मुकुट किंवा पट्टी कापली जाऊ नये आणि रंग बदलू नयेत. परवानगीसाठी जाल त्याच भेटीत चिन्हाचे टिपण पाहायला मागा. दोन्ही कामे एकाच टेबलावर होतात.